पाहुणा कोणाच्या घरी उतरतो?

१/१२
चंद्रपूर-गडचिरोलीच्या पर्यटनाची चर्चा निघाली की एक सल्ला हमखास दिला जातो. जपानमध्ये जुन्या शेतघरांत पाहुणे मुक्कामाला उतरतात, त्यावर गाव तगते. आपल्या आदिवासी गावांनीही हे आदरातिथ्य शिकावे. हा सल्ला जपानविषयी अर्धवट आणि गडचिरोलीविषयी पूर्ण अज्ञानी आहे. त्याचा हा समाचार.

२/१२
आधी जपान. गिफू प्रांतातील शिराकावा-गो हे खोरे तीव्र उताराच्या, जाड गवती छपरांच्या लाकडी घरांसाठी प्रसिद्ध आहे. यांतील काही घरांत रात्रीचा मुक्काम करता येतो. मधल्या खोलीत जमिनीत खोदलेली शेगडी, घरच्यांच्या हातचे जेवण, निजायला चटईची खोली. छायाचित्रांत एवढेच दिसते.

३/१२
छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट १९७१ मधली आहे. तेथील ओगिमाची गावाच्या रहिवाशांनी संघटना स्थापून तीन नियम केले : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. छपर शाकारायला सारा गाव एकत्र राबतो. या परस्परश्रमाला तेथे ‘युई’ म्हणतात. जागतिक वारशाचा दर्जा आला तो १९९५ मध्ये, म्हणजे नियमांनंतर २४ वर्षांनी. मालकी आधी पक्की झाली, कीर्ती मागाहून आली.

४/१२
आता गडचिरोली. माडिया-गोंड गावांत गोटूल असते. ते गावाचे सामाईक घर : तरुणांच्या शिक्षणाची जागा, सभेची जागा आणि वाटसरूच्या मुक्कामाची जागा. परगावचा माणूस अंधार पडता गावात आला तर त्याने कोठे निजावे, हा प्रश्न येथे पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला आहे. या समाजाला आदरातिथ्याचे धडे द्यायला निघणे ही गंमत नव्हे, उर्मटपणा आहे.

५/१२
गोटूलाची बाहेर झालेली ओळख मात्र विकृत आहे. वेरिअर एल्विन यांचा बस्तरच्या मुरियांवरील ग्रंथ १९४७ मध्ये आला. पुढे चवचाल लेखनाने त्यातील एकच धागा उचलला आणि प्रत्येक गोटूलाला तोच रंग फासला. मुरियांची प्रथा वेगळी, डोंगरी माडियांची वेगळी, हा साधा भेदही पाळला गेला नाही. ज्या घरात पाहुण्याला आसरा मिळे, तेच घर चघळण्याचा विषय झाले.

६/१२
बाहेरच्या माणसाचा मुक्काम म्हणजे काय, याचा दुसरा अनुभवही मध्य प्रांतातील वनप्रदेशाला आहे. साहेबाचा दौरा आला की सामान वाहायला माणसे, चुलीला सरपण, पाणी, कोंबडी असे सारे गावाने पुरवायचे. तिचे नाव बेगार. पाहुणा आणि साहेब दोघेही रात्रीपुरतेच राहतात. पण एकाला गाव बोलावते आणि दुसरा गावावर येऊन पडतो.

७/१२
घराचा प्रश्न येथे जंगलाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. खांब सागाचा, वासे बांबूचे, भिंत कुडाची. जंगल राखीव झाले आणि घराचे सामान गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू लागले. ज्याला स्वतःच्या घराचा खांब बदलायला परवानगी लागते, त्याला ‘पारंपरिक घरे जपा’ असा उपदेश करणे सोपे असते.

८/१२
धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे याचे जिवंत उदाहरण. इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्धच्या १९८० च्या दशकातील आंदोलनानंतर गावाने परंपरेप्रमाणे जंगलातील लाकडाने गोटूल उभारले. वनविभागाने ते बेकायदा ठरवून मोडले. परिणाम उलटा झाला : आसपासच्या गावांनीही गोटुले बांधायचे ठरवले. पाहुण्याला निजायची जागा बांधणे हेच येथे आंदोलन झाले.

९/१२
पुढचा क्रम लक्षात घ्यावा. २००९ मध्ये मेंढ्याला वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय केला, जेणेकरून ती बाहेर विकली जाऊ नये. ओगिमाचीचा पहिला नियम आठवावा. तो शिकायला मेंढ्याला कोणी जपानला पाठवले नव्हते.

१०/१२
आता ताडोबा. परंपरा सांगते की वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गोंड गावप्रमुखावरून हे नाव पडले. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. १९५५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गेल्या दोन दशकांत बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावे आतून उठून बाहेर आली. आणि प्रवेशद्वारांबाहेर मातीचा गिलावा, कवेलूंचे छप्पर, भिंतीवर आदिवासी चित्रे अशा ‘गावरान’ खोल्या उभ्या राहिल्या. गाव हलवले गेले. त्याची नक्कल भाड्याने मिळू लागली.

११/१२
यावर आक्षेप ठरलेले आहेत. पुनर्वसन संमतीने झाले, मोबदला मिळाला, वाघ वाचला, पर्यटनाने रोजगार दिला. वाघ वाचायलाच हवा. शाळा आणि दवाखान्याच्या ओढीने स्वखुशीने बाहेर पडलेली कुटुंबेही आहेत. परंतु रोजगार आणि मालकी या भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या घराची नक्कल विकली जाते, तो त्याच नकलेत ताटे उचलत असेल, तर त्याला ‘गावाचा विकास’ म्हणणे ही भाषेशी केलेली लबाडी आहे.

१२/१२
म्हणून जपानचे उदाहरण द्यायचे तर पुरते द्यावे. शेगडी, चटई आणि गरम भात ही त्याची शेवटची पायरी. पहिली पायरी आहे घर, जमीन आणि जंगल गावाच्या हाती असणे. चंद्रपूर-गडचिरोलीत रात्रीच्या मुक्कामाला जाणाऱ्याने दर विचारण्याआधी एवढेच विचारावे : हे घर कोणाचे, ही जमीन कोणाची, या छपराचा बांबू कोणाच्या परवानगीने तोडला? तिन्ही उत्तरे ‘गावाचे’ अशी आली, तर तो पाहुणा. एरवी तो केवळ गिऱ्हाईक, आणि क्वचित जुन्या साहेबाचा वारसदार.