शिळ्या पाण्याचा बॉयलर

आपला न्हाणीघरातला तांब्याचा बंब मोठा न्यायी होता. वरून गार पाणी ओतावे, तेव्हा तोटीतून तितकेच कढत पाणी मिळे. (शब्द पोर्तुगीजांचा, ‘बोंबा’ म्हणजे पंप. म्हणूनच आगीचाही बंब!) आधी द्या, मग घ्या, हा त्याचा शिरस्ता असल्याने तो सहसा कोरडा पडत नसे.

अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या तळघरातला वाफेचा बॉयलर इतका सोशिक नाही. दिवाळीनंतर मुलाकडे बॉस्टनला किंवा ब्रुकलिनला हिवाळा काढायला निघालेल्या मंडळींनी त्याची ओळख करून घ्यावी. मुलगा-सून कामावर गेली की घरात तुम्ही आणि तोच!

सगळ्याच घरांत वाफ नसते. कित्येक ठिकाणी नुसते गरम पाणी फिरते. बॉयलरच्या अंगाला उभी काचेची नळी दिसली, की तो वाफेचा समजावा. त्याची वाफ खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत चढते, तेथे निवून पाणी होते आणि उतारावरून परत तळघरात येते. तेच पाणी पुन्हा पुन्हा.

हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ती नळी पाहावी. बॉयलर निवलेला असताना पाणी साधारण अर्ध्यावर किंवा थोडे वर असावे. चालू असताना ते जरा उतरते, हेलकावते. त्याने घाबरू नये. उलट ते कधीच हलत नसेल तर संशय घ्यावा. नळीच्या वाटा गाळाने बुजल्या, की ती खोटी साक्ष देते.

आणि नळीत पाणी दिसेनासेच झाले तर? येथे मात्र आपला हात आवरायला हवा. तापलेले पातेले कोरडे दिसले की तांब्याभर पाणी ओतण्याची आपली सवय. पण रिकाम्या, तापल्या बिडावर गार पाणी पडले तर ते तडकते. शिवाय एक लिटर पाण्याची सोळाशेहून अधिक लिटर वाफ होते, तीही क्षणात. तेव्हा प्रथम स्विच बंद करावा (तो बहुधा जिन्याच्या तोंडाशी, लाल पट्टीचा असतो), बॉयलर पूर्ण निवू द्यावा आणि जाणत्या माणसाला बोलवावे. पाणी कमी झाल्यावर आग आपोआप बंद करणारे यंत्र बॉयलरला असते, हे खरे. पण त्यातला तरंगता गोळा गाळात रुतला, तर तो गप्प बसतो. म्हणून अशा यंत्रातला गाळ दर आठवड्याला बादलीत सोडावा लागतो. ते पाणी उकळते असते. हे काम मुलावरच सोपवावे.

आता गंमत पाहा. आपल्या घरांत सकाळी शिळे पाणी ओतून ताजे भरतात. ह्या बॉयलरला शिळेच मानवते! ताज्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि तो लोखंडाला गंज चढवतो. उकळून शिळे झालेले पाणी निरुपद्रवी. त्यामुळे वरचेवर पाणी भरावे लागत असेल, तर भरत राहणे ही सेवा नव्हे. काही घरांत पाणी आपोआप भरणारे यंत्र बसवलेले असते. मला ते फारसे पसंत नाही, कारण गळती महिनोन्महिने लपून राहते. भरल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपावी. तारखा जवळजवळ येऊ लागल्या, की घरभर हिंडून कान द्यावा. रेडिएटरच्या बाजूची छोटी झडप वाफ पोचल्यावरही फुसफुसत असेल, तर पाणी तेथूनच चालले आहे. ती मळसूत्रावर बसवलेली असते आणि नवी बसवायला फार वेळ लागत नाही.