लग्नाचा केक आणि दुकानदाराचे ईमान

अमेरिकेतील एका केकवाल्याच्या मुकदम्याची हकिकत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

कोलोरॅडो राज्यात लेकवूड येथे जॅक फिलिप्स यांचे 'मास्टरपीस केकशॉप' हे दुकान. २०१२ साली दोन पुरुष आपल्या लग्नाचा केक सांगावयास आले. फिलिप्स श्रद्धाळू ख्रिस्ती. वाढदिवसाचा केक देतो, बिस्किटे देतो, पण या लग्नाचा केक माझा धर्म करू देत नाही, असे ते म्हणाले. तेथील कायद्याप्रमाणे धर्म, वंश किंवा लैंगिक कल पाहून गिऱ्हाईक परत पाठवता येत नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. २०१८ साली ७ विरुद्ध २ मतांनी फिलिप्स जिंकले. पण कोर्टाने म्हटले ते एवढेच की, राज्याच्या आयोगाने त्यांच्या श्रद्धेची तुच्छतेने वासलात लावली. मूळ सवाल तसाच राहिला. पुढे २०२३ साली लग्नाच्या वेबसाइट बनवू इच्छिणाऱ्या एका बाईंच्या बाजूने ६ विरुद्ध ३ असा निकाल झाला. त्याचा आधार मात्र भाषणस्वातंत्र्याचा होता, धर्माचा नव्हे.

आमच्यापैकी पुष्कळांना फिलिप्स यांचे म्हणणे पटेल. असा निकाह शरीयतमध्ये नाही, त्याबद्दल येथे वाद नाही. परंतु १९६८ साली याच कोर्टापुढे दक्षिण कॅरोलिनातील एका खाणावळवाल्याचे प्रकरण आले होते. काळ्या लोकांना गोऱ्यांबरोबर बसवून वाढणे माझ्या धर्माविरुद्ध आहे, असे त्याचेही म्हणणे होते! कोर्टाने ते फालतू ठरविले.

आणि आपण काही नेहमीच गल्ल्यावर बसलेले नसतो. भाड्याने खोली पाहावयास जावे, नाव सांगावे, की घरमालकाला त्याचा धर्म आणि स्वयंपाकघर आठवते. धर्म पाहून कोणासही दुकानात वा हॉटेलात मज्जाव करू नये, हे आपल्या राज्यघटनेचे कलम १५(२) सांगते. त्या कलमाची गरज आपल्याला जास्त आहे.

आम्ही कापडवाले. लग्नाचा बस्ता बांधावयास येणाऱ्याला मांडव कोणाचा, हे आम्ही विचारीत नाही. बनारसी शालू विणणारे हात बहुतेक अन्सारींचे. तो नेसून हिंदू वधू सप्तपदी चालते. विणकराने त्या विधीला संमती दिली, असे कोणी म्हणत नाही.

कारागिराची गोष्ट थोडी निराळी. एखादा जरदोजीवाला म्हणतो, मी प्राण्यांच्या किंवा माणसांच्या आकृत्या काढीत नाही. तो हिंदूलाही नाही म्हणतो, मुसलमानालाही. हे आम्हांस रास्त वाटते, कारण त्याने काम नाकारले, माणूस नाकारला नाही. फिलिप्स यांनी केकवर काय हवे ते ऐकण्याआधीच नकार दिला. साधा पांढरा केकही त्या दोघांना मिळाला नसता. म्हणून कोर्टाने काहीही म्हटले तरी आमचे मत त्यांच्या विरुद्ध जाते.

ज्यांना एखादे काम ईमानाने करता येत नाही, त्यांनी ते दुकानात सर्वांना दिसेल असे लिहून लावावे. बयाणा घेऊन, गिऱ्हाइकाचे नाव कळल्यावर ते सांगू नये.