खर्जाच्या तारेतला गंधार

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही तार गंधारात मिळवलेली नसते. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या आणि शेवटची खर्जाची, एवढाच काय तो परिवार. असे असूनही, जवारी मनाजोगी लागलेला तंबोरा एखाद्या शांत खोलीत संथ लयीने छेडीत बसावे, तो थोड्याच वेळात खर्जाच्या गुंजनातून एक स्पष्ट, तेजस्वी गंधार वर येऊ लागतो, आणि तो कोणी वाजविला या प्रश्नाचे उत्तर बसल्या जागी सापडत नाही. आपल्या गवयांनी त्याला ‘स्वयंभू गंधार’ असे अन्वर्थक नाव दिले. तरंगविद्येचा अभ्यास आरंभण्यास याहून योग्य स्थळ मला ठाऊक नाही, आणि ज्या शाळेत मी ध्वनीचे प्रकरण शिकलो तेथे ते दाखविले गेले नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

घडते ते असे. दोन टोकांस आवळलेली तार छेडली असता ती सबंधच्या सबंध हेलकावते, आणि त्याच क्षणी दोन समान भागांत, तीन भागांत, चार आणि पाच भागांतही कंप पावत असते. या भागांच्या सांध्यांवर त्या त्या कंपनापुरती ती निश्चल राहते, म्हणून त्या स्थानांस निस्पंद बिंदू म्हणतात. खर्जाची तार सेकंदाला १२० कंपने करीत असेल, तर तिच्याच पोटी २४०, ३६०, ४८० आणि ६०० कंपनांचे उपस्वर जन्मास येतात. पैकी २४० हा मध्य षड्ज, ३६० त्याचा पंचम, ४८० तार षड्ज, आणि ६०० हा त्या तार षड्जावरचा गंधार. कारण ६०० चे ४८० शी प्रमाण पाचास चार असे पडते. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेल्या पेटीवर मात्र हाच गंधार सुमारे ६०५ कंपनांचा असतो, आणि दोन्ही एकदम वाजले म्हणजे सेकंदाला पाचाच्या आसपास विस्पंद उठून जाणत्या कानाला स्वर थरथरल्यासारखा भासतो. पेटीविषयीची गवयांची जुनी तक्रार पुष्कळांनी केवळ रुचीचा प्रश्न मानली. ती मोजून दाखविता येते, हे नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०७ पासून दहा वर्षे सरकारी हिशेब खात्यात नोकरी केली, त्या निमित्ताने ते काही काळ रंगून व नागपूर येथेही होते. आणि कलकत्त्यास असताना दफ्तराचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेत तारांचा व तरंगांचा अभ्यास चालविला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्यांचा निस्पंद येतो असे उपस्वर उमटू नयेत, हा युरोपात प्रस्थापित झालेला नियम. त्या न्यायाने तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर गैरहजर असले पाहिजेत. तंबोऱ्यात तसे होत नाही, ही गोष्ट रामन यांनी १९२१ साली मांडली, आणि तिचे कारण घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागात व तिच्यावर तारेखाली सरकविलेल्या दोऱ्यात आहे हे दाखविले. कंप पावणारी तार त्या वक्र पृष्ठाला पुनःपुन्हा घासून जाते, आणि प्रत्येक स्पर्शासरशी उंच उपस्वरांना नवे बळ मिळते. आपण जिला जवारी म्हणतो ती हीच.

त्याच सुमारास, १९२० साली, त्यांनी आपल्या चर्मवाद्यांचा उलगडा केला. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा विषम प्रमाणांत पडतात, म्हणून ढोलाचा आवाज होतो, स्वर होत नाही. परंतु मृदंगाच्या किंवा तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाईचा भार थरावर थर देऊन घोटला म्हणजे तीच प्रमाणे दोन, तीन, चार, पाच अशी सरळ येऊन बसतात. पुडीवर बारीक रेती पसरून तिच्या नक्षीवरून हे डोळ्यांनीही पाहता येते, आणि रामन यांनी ते तसे पाहिले.

शाई घोटणाऱ्या कारागिराला ही प्रमाणे आधीच ठाऊक होती, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे फार, आणि तो मला मान्य नाही. त्याला ठाऊक होता तो परिणाम, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या कान झिजवून मिळविलेला. मिरजेच्या ज्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार देण्याचा, त्यांनीच पुढे भोपळा आणि लाकूड हाती घेऊन घोडी घासण्याची कला इतकी साधली की २०२४ साली तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. कारण शोधणे हे दुसरे काम, आणि ते पहिल्याच्या तोलाचे. ही दोन कामे एका बैठकीत बसू शकतात, याचा दाखला सांगलीस मिळतो: पेन्शनीत निघालेले डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची कंपनसंख्या ताडून पाहत, आणि त्यासाठी लागणारा बिनचूक स्वर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ लावून देत.

म्हणून अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांस माझी विनंती अशी की, नादकाट्याबरोबर वर्षातून एक तास तरी तंबोरा वर्गात यावा. खर्च नाही, गावात एखाद्या घरी, देवळात किंवा भजनी मंडळात तो खुंटीला टांगलेला असतोच. खर्जाच्या तारेची लांबी सुताने मोजून तिचा पाचवा हिस्सा काढावा, तेथे एका विद्यार्थ्याने बोट अगदी अलगद टेकवावे, दुसऱ्याने तार मध्यावर छेडावी आणि लगेच पहिल्याने बोट उचलावे. खर्ज लोपतो, आणि गंधार एकटाच वाजत राहतो.