हट्टाचे खापर मायबोलीवर नको

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत अलीकडे एक नवे शहाणपण शिरले आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेऊ लागले, हातातली वस्तू भिरकावू लागले, भोकाड पसरून लालबुंद होऊ लागले, की बालवाडीतील बाई, शेजारी किंवा एखादे सुशिक्षित नातलग गंभीरपणे सांगतात : ‘‘घरात मराठी, अंगणात हिंदी, शाळेत इंग्रजी, मूल गोंधळणार नाही तर काय? मनातले बोलता येत नाही म्हणून ते चिडते. निदान घरातली मराठी तेवढी बंद करा.’’ बडोद्यात हिंदीच्या जागी गुजराती येते, बेळगावात कन्नड, हैदराबादेत तेलुगू. सल्ला मात्र तोच. आईवडील घाबरतात, आजी-आजोबा अपराध्यासारखे गप्प बसतात, आणि शिंदे-होळकर-गायकवाडांच्या काळापासून या घरांत जपलेली भाषा एका बाळाच्या रडण्याचे निमित्त होऊन उंबऱ्याबाहेर जाते. हा सल्ला निराधार आहे आणि अपायकारकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात बालहट्ट हा काही आजचा रोग नव्हे. राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट ही त्रयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बिरबलाची गोष्ट आठवा. लहान मुलाचे सोंग घेऊन तो बादशहाकडे ऊस मागतो, मग त्याचे तुकडे करून मागतो, आणि तुकडे झाल्यावर तोच ऊस पुन्हा अखंड करून द्या म्हणून आकांत मांडतो. या वयाचे मर्म त्या कथेत अचूक आले आहे. दीड वर्षाच्या सुमारास मुलाला ‘मी’ आणि ‘माझे’ यांची जाणीव होते, इच्छा प्रबळ होते. पण इच्छेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता परिपक्व व्हायला विशीचा मध्य यावा लागतो. वेग आहे आणि लगाम नाही, अशी ही अवस्था आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी आयांकडून मुलांच्या रागाच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि १९३१ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. असे उद्रेक दुसऱ्या वर्षात सर्वाधिक असतात आणि जेवणाच्या वेळेआधी ते वाढतात, असे त्यांना आढळले. त्या घरांत मराठीचा वाराही नव्हता!

आता ‘गोंधळा’चा मुद्दा. त्यातला खरा भाग प्रथम मान्य करू. ज्या मुलांना बोलायला उशीर लागतो, त्यांचे आकांत अधिक तीव्र असतात, हे निरीक्षण योग्य आहे. परंतु त्यावरून दोन भाषांमुळे बोलायला उशीर लागतो, असे मुळीच सिद्ध होत नाही. मियामी येथे स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही ऐकत वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजल्यावर या मुलांचा संग्रह एकभाषी मुलांच्या तोडीचा भरला. आपल्याकडे चूक होते ती नेमकी या मोजणीत. बालवाडीतील बाई फक्त हिंदीचे शब्द मोजतात. घरातले ‘मम्मं’, ‘भुर्र’, ‘गाई-गाई’ त्यांच्या हिशेबातच येत नाही, आणि अर्धी शिल्लक पाहून मुलाला दरिद्री ठरवले जाते. शिवाय मराठी बंद केल्यावर घरात उरते काय? ज्या भाषेत आजीला मोकळेपणाने रागावता येत नाही की गोंजारता येत नाही, अशी भाषा. अशाने मुलाशी होणारे बोलणेच आटते, आणि ज्याला शब्द हवे आहेत त्याचेच शब्द आपण कमी करतो.

हट्ट वाढतो त्याची कारणे भाषेत नव्हे, आपल्या वागण्यात शोधावी लागतील. भूक, अपुरी झोप, लग्नसमारंभातील गर्दी, रात्री उशिरापर्यंतचे जागरण ही तर उघड कारणे झाली. त्याहून मोठे कारण घरातील मोठ्यांची विसंगती हे होय. आई ‘नाही’ म्हणते, बाबा मौन धरतात आणि आजोबा हळूच चॉकलेट काढून देतात. कधी दहा मिनिटे रडून मिळते, कधी वीस मिनिटे रडून. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली मांडलेल्या प्रयोगांत असे दिसले, की दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून मिळाला, तर कबुतर चोच मारणे लवकर सोडत नाही. रडणाऱ्या नातवाला आपण नकळत हेच शिकवतो : चिकाटी धर, मिळेल. या शिकवणीची भाषा मराठी असो वा इंग्रजी, परिणाम एकच.

यावर दोन सोपे उपाय सर्रास केले जातात. पहिला मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांसाठी बैठ्या अवस्थेतील पडदा नकोच, आणि त्यापुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला तासाहून अधिक नको, असे सांगितले. रडे थांबवण्यासाठी पडदा दिला की मूल शांत होते खरे, पण स्वतःला शांत करायला शिकत नाही. दुसरा उपाय धपाटा किंवा बागुलबुवा. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली. घरात मात्र ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ हे वाक्य अजून अभिमानाने उच्चारले जाते. भावनगरात १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि पुढे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी भय आणि लालूच या दोहोंना नकार दिला होता. गुजरातच्या भूमीवर एका मराठी बाईंनी हातभार लावलेला तो विचार आपल्याच घरांनी विसरावा, हे शोचनीय आहे.

मग करावे काय? जेवणाची आणि झोपेची वेळ शक्यतो मोडू नये. बागेतून निघण्याआधी ‘अजून दोन झोके, मग घरी’ असे सांगावे व तसेच वागावे. ‘निळा सदरा घालतोस की पिवळा?’ अशी लहानशी निवड मुलाच्या हाती द्यावी. ‘नाही’ थोड्याच गोष्टींना म्हणावे, पण म्हटल्यावर घरातील सर्वांनी ते पाळावे. आकांत सुरू झालाच, तर मुलाला इजा होणार नाही इतके पाहून शांतपणे जवळ बसावे. त्या क्षणी उपदेश व्यर्थ असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे तीन-चतुर्थांश उद्रेक पाच मिनिटांत ओसरलेले आढळले. तेवढा धीर आपल्यापाशी असावा.

आणि लाट ओसरल्यावर मुलाला त्याच्या भावनेचे नाव द्यावे. येथे मराठी अडचण ठरत नाही, आधार ठरते. रुसणे, फुरंगटणे, हिरमुसणे, चिडणे, कंटाळणे, दमणे या केवढ्या बारीक छटा आहेत! ‘झोका सोडून यावे लागले, म्हणून हिरमुसलास ना?’ हे एक वाक्य मुलाला जे देते, ते उसन्या ‘स्टॉप इट’ने मिळणार नाही. अशी नावे कानांवर पडत राहिली, की कालांतराने मूल लोळण घेण्याऐवजी ‘मी दमलोय’ असे म्हणू लागते.

दोन वर्षे उलटूनही मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर श्रवणाची तपासणी अवश्य करावी. आकांत पाचव्या वर्षानंतरही टिकून असेल, मूल स्वतःला इजा करीत असेल किंवा रडताना श्वास रोखून शुद्ध हरपत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यासाठी भाषा बदलण्याची गरज नाही.

आपल्या घरांतील ज्येष्ठांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी ‘मराठी बंद करा’ असे सुचवले, तर मान खाली घालू नका. त्याऐवजी घरातल्या सर्वांना एकत्र बसवा, सुनेचा ‘नाही’ तो आपलाही ‘नाही’ असे ठरवा, खिशातले चॉकलेट खिशातच राहू द्या, आणि नातवाशी मराठीत भरपूर बोला.