सेंधव्याचा घाट आणि आपला राखणदार



गेल्या आठवड्यात कापूस घेऊन सेंधव्याला गेलो होतो. शहादा, खेतिया, पानसेमल, निवाली असा रस्ता. जिनिंगवर गाड्यांची रांग होती, म्हणून किल्ला बघून आलो आणि पुढं बिजासनी घाटापर्यंत फिरलो.

हा घाट लुटीसाठी इतिहासात आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात खाज्या नाईकानं इथं इंग्रजांचा सात लाखांचा खजिना लुटला. इंग्रजांच्या कागदात तो दरोडेखोर, आपल्या लोकांच्या तोंडी क्रांतिवीर. पण खरी गोष्ट पुढं आहे. खाज्या आधी याच घाटाचा राखणदार होता, सरकारी पगारावर! भिल्लांचं रान, जंगल, वाटा सरकारनं ताब्यात घेतल्या आणि त्यांनाच राखणीला ठेवलं. मग ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली, पकडलेल्या भिल्लांना तिथंच गोळ्या घातल्या.

हे आठवलं आणि माझंच मला खटकलं. मागच्या साली विहिरीवरची केबल गेली. मी पहिला संशय घेतला तो राखणदारावर. चार माणसांत बोललो. आठ दिवसांनी कळलं, पुतण्यानं ती दुसऱ्या विहिरीवर नेली होती. दादा काही बोलला नाही, पण हंगाम संपल्यावर परत आला नाही. माझ्या केळीला तसा माणूस पुन्हा मिळाला नाही.

आपल्या तालुक्याला हे नवं नाही. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंतींच्या चळवळीनं जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न इथंच मांडला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा. पुरुषोत्तमनगरचा कारखाना, आपला ऊस, केळी, पपई या सगळ्यामागं त्याच हातांचे कष्ट आहेत.

माझं मत साधं आहे. उचल दिली की त्याच दिवशी वहीत लिहा, त्याला वाचून दाखवा, दोघांकडं एकेक प्रत ठेवा. राखणीचा पगार ठरल्या तारखेला द्या. काही हरवलं तर आधी घरात विचारा, मग शेतात. चोर म्हणायला एक मिनिट लागतो, तो शब्द परत घ्यायला मात्र वय जातं.

मी दादाच्या पाड्यावर जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला. यंदा येईल का, ते अजून सांगितलं नाही.

तुमच्याकडं राखणीचा हिशोब कसा ठेवता?