शिक्का व्हिसाचा, घोर घरादाराला

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या आपल्या जुन्या घरांपैकी क्वचितच एखादे असे उरले असेल, की ज्याचा मुलगा, भाची वा पुतण्या परदेशी विद्यापीठात नाही. घरात लग्नकार्य निघाले, आजोबांची पंचाहत्तरी ठरली की पहिला निरोप तिकडे जातो, आणि अलीकडे उत्तर येते, ‘सध्या निघता येणार नाही.’ मग पोर तिकडचेच झाले, असे आपण म्हणून मोकळे होतो! यातली खरी अडचण सभासदांना ठाऊक असावी म्हणून हे लिहीत आहोत.

अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा हा फक्त दारातून आत जाण्याचा परवाना असतो. आत गेल्यावर मुलाचे वास्तव्य विद्यापीठाच्या ‘आय-20’ या कागदावर आणि सरकारी संगणकातील नोंदीवर चालते. त्यामुळे पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली, तरी नोंद शाबूत असलेला विद्यार्थी तेथे कायदेशीरपणे शिकत राहू शकतो. देशाबाहेर पाऊल टाकले की मात्र नव्या शिक्क्यावाचून परत जाता येत नाही. आपल्याकडील मुलांना हा व्हिसा बहुधा 5 वर्षांचा मिळत आला आहे, आणि पीएच.डी.ला सहा वर्षे सहज लागतात. म्हणजे प्रबंध ऐन भरात असताना बहिणीच्या लग्नाला यायचे, तर परतीची खात्री नाही. इराणी विद्यार्थ्यांचे हाल याहून वाईट. त्यांच्यापैकी अनेकांना वर्षानुवर्षे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा मिळत असे, आणि 2017 च्या प्रवासबंदीने तोही मार्ग काही काळ रोखला.

2025 साली आपल्या मुलांपुढेही तोच पेच उभा राहिला. मार्च-एप्रिलमध्ये चार हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द झाल्या, काहींच्या तर वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांवरून. न्यायालयांनी फटकारल्यावर त्या परत चालू करणे सरकारला भाग पडले. 27 मे रोजी जगभर मुलाखतींच्या नव्या तारखा देणे थांबले. 18 जूनला ते काम पुन्हा सुरू झाले, पण समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना खुली ठेवा, या अटीवर. सप्टेंबरमध्ये बहुतेकांची मुलाखतीतून मिळणारी सूट गेली आणि अर्ज मायदेशी वा राहत्या देशातच करावा, असा आदेश निघाला. तोवर कॅनडा वा मेक्सिकोत जाऊन शिक्का आणण्याची सोय होती. आता मुंबईच्या वकिलातीत तारीख मिळण्याची वाट पाहत बसायचे, आणि तिकडे सत्र सुरू होऊन जायचे!

आपल्या देशात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार अमेरिकेला आहे, याविषयी आमचा वाद नाही. नव्या अर्जदाराला नियम पाहून दुसरा देश निवडता येतो. पण ज्याला एकदा पारखून घेतले, ज्याची फी घेतली, ज्याच्या बापाने घर गहाण टाकून कर्ज काढले, त्याच्यासाठी अर्ध्या वाटेवर नियम बदलणे हा सरळ अन्याय आहे.

मात्र हे बोलताना स्वतःच्या सरकारकडेही पाहावे लागेल. काबूल पडल्यानंतर, 25 ऑगस्ट 2021 रोजी, भारताने देशाबाहेर असलेल्या सर्व अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसे एका आदेशाने रद्द केले. करोनाच्या काळात घरी गेलेले, आपल्याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर भारतात शिकणारे कितीतरी विद्यार्थी त्यामुळे तिकडेच अडकले. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही त्या वर्षी अफगाण विद्यार्थी होते. सुरक्षेचे कारण आम्हास मान्य आहे. पण विद्यापीठाच्या पटावर नाव असलेल्यांची छाननी वेगळी करता आली नसती काय? चीनने 2020 ते 2022 अशी दोन वर्षे आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दाराबाहेर ठेवले, तेव्हा आपण केवढा आक्रोश केला होता!

म्हणून खासदारांना द्यावयाच्या निवेदनात दोन्ही मागण्या एकत्र असाव्यात, असे आम्ही कार्यकारिणीस सुचवीत आहोत. शिक्षण चालू असलेल्यांच्या व्हिसा-नूतनीकरणास अग्रक्रमाने तारखा मिळाव्यात, ही अमेरिकेकडे मागणी. आणि येथे शिकणाऱ्या परक्या मुलांना तीच वागणूक मिळावी, ही दिल्लीकडे. ज्यांची मुले तेथे आहेत, त्यांनी व्हिसाची व पासपोर्टची मुदत केव्हा संपते ते मुलांना विचारून कार्यालयात कळवावे, आणि ते कळेपर्यंत कार्याची तारीख पक्की करू नये.