खुबा मोडल्यावर पहिलं इंजेक्शन

सत्तरी ओलांडलेली आजी न्हाणीघरात पाय घसरून पडते, खुबा मोडतो आणि पुढचा क्रम ठरलेला असतो. गाडीतून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर, तिथून वॉर्डातल्या कॉटवर. दर हलवाहलवीत मोडलेली टोकं एकमेकांवर घासतात. मग इको, फिजिशियनचं फिटनेस, पैशांची जमवाजमव. ऑपरेशनला एक दिवस लागतो, कधी तीन. तोवर पायाला वजन लोंबकळत असतं आणि घरच्यांना सांगितलं जातं, ‘हाड मोडलंय, दुखणारच.’

हे ‘दुखणारच’ मला मान्य नाही. जांघेच्या जरा खाली, स्नायूवरच्या पातळ पडद्याआड भुलीचं तीस-चाळीस मिलिलिटर पातळ केलेलं औषध पसरवलं, की मांडी-खुब्याच्या वेदनेचा संदेश नेणाऱ्या मुख्य नसा बधिर होतात. याला फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात. फ्रान्समध्ये बर्नार्ड डालेन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये तो लहान मुलांसाठी मांडला. आज त्याची सगळ्यात जास्त गरज म्हाताऱ्या माणसांना आहे. दाढ काढताना हिरडीत देतात त्याच कुळातलं हे औषध. अर्ध्या तासात गुण येतो आणि बुपिवाकेन वापरलं तर आराम बरेच तास टिकतो. दुखणं पुरतं जात नाही, पण कूस बदलता येते, बेडपॅन घेता येतं, खोकता येतं.

खोकता येणं इथे फार मोलाचं आहे. वेदनेनं आखडून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास उथळ होतो, कफ साठतो. झोप नसते, अन्न जात नाही. दुसऱ्या रात्री आजी घरच्यांना ओळखेनाशी होते. ‘वयामुळे भ्रमिष्ट झाली’ म्हणतात. वय असतंच, पण न शमवलेली वेदनाही त्यात असते. खुब्याच्या फ्रॅक्चरमधल्या नर्व्ह ब्लॉकवरच्या 49 चाचण्या, वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात तपासल्या आहेत: हालचालीची वेदना अर्ध्या तासात ठळकपणे कमी होते, भ्रमाचं प्रमाण घटतं आणि छातीचा संसर्गही बहुधा कमी होतो. म्हणजे ब्लॉक निव्वळ दिलासा नाही, तो पुढचं आजारपण अडवतो. उलट पायाला वजन लावण्याच्या सरसकट प्रथेचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. तरी वजन लगेच लागतं आणि सुई थिएटरच्या दारापर्यंत थांबते.

ब्लॉकऐवजी सर्रास टोचलं जाणारं वेदनाशामक डायक्लोफिनॅक या वयात मूत्रपिंडाला आणि जठराला जड जातं. ट्रॅमाडॉलनं अनेकांना उलट्या होतात, गुंगी येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचार-मार्गदर्शक संस्थेनं 2011 मध्येच डायक्लोफिनॅकच्या वर्गातली औषधं खुब्याच्या रुग्णांना देऊ नयेत असं सांगितलं, आणि इतर वेदनाशामकं पुरेनाशी झाली तर ब्लॉकचा विचार करायला सांगितलं.

आपल्याकडे अडतं कुठे? भूलतज्ज्ञ थिएटरमध्ये बांधलेला असतो, अनेक छोट्या रुग्णालयांत तर तो बोलावल्यावरच येतो. सोनोग्राफीखाली सुई नेमकी बसते, पण गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यानं यंत्राची नोंदणी आणि नियम आहेत. ते हवेतच, या महाराष्ट्रात त्यांची गरज कुणाला पटवून द्यावी लागू नये. मात्र हा ब्लॉक यंत्राशिवाय, हाताला लागणाऱ्या खुणांवरूनही देतात. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तो शिकवता येतो, फक्त औषधाचं माप चोख हवं. बुपिवाकेनची मर्यादा किलोला साधारण दोन मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस किलोच्या आजीला ऐंशी. औषध रक्तात जादा गेलं तर तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, पुढे झटके आणि हृदयावर परिणाम होतो. म्हणून मॉनिटर आणि उतारा म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन हाताशी नसेल तिथे हा ब्लॉक देऊच नये.

भुलीच्या या औषधांकडून भलत्या अपेक्षाही केल्या गेल्या आहेत. जर्मनीत डॉक्टर फर्डिनांड हुनेकेनं 1925 मध्ये बहिणीला प्रोकेन हे भुलीचं औषध असलेलं इंजेक्शन शिरेत दिलं आणि तिची अर्धशिशी थांबली. 1940 मध्ये पायावरच्या जुन्या व्रणाशी सुई टोचताच एका बाईचा खांदा दुखायचा थांबला, असं त्यानं नोंदवलं. यातून ‘न्यूरल थेरपी’ उभी राहिली. व्रण आणि दात टोचून दूरचे नाना आजार बरे करण्याचे दावे झाले. एकेका रुग्णाच्या हकिगतीवर असा इमला उभा राहत नाही, आणि भक्कम चाचण्यांचा आधार त्याला मिळालेला नाही. खुब्याच्या ब्लॉकला तो आहे. म्हणूनच ब्लॉक न मिळणं जास्त खुपतं.

घरात कुणी पडलं, तर कॅज्युअल्टीत एक्स-रे झाल्या झाल्या विचारा: ‘ब्लॉक देता येईल का, आणि कधी?’ रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्याच वाक्यात तेही सांगा.